काष्ठसंचातील विमान : कोन, भार आणि ऋतू

प्रथम संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. लघुविमान म्हणजे मनुष्य वाहून न नेणारे, परंतु मोठ्या विमानाच्याच वायुगतिकीय नियमांनी उडणारे यंत्र. त्याचे नियंत्रण भूमीवरून रेडिओलहरींनी होत असेल तर ते रेडिओनियंत्रित. काष्ठसंच म्हणजे पूर्णाकृती आराखडा, लेसरने कापलेले बाल्सा व प्लायवूडचे भाग आणि अल्पसे जोडसाहित्य यांचा समुच्चय. मोटर, बॅटरी, सर्व्हो, रिसीव्हर, गोंद आणि आच्छादनाची फिल्म या वस्तू बहुधा संचाबाहेरच्या असतात आणि त्यांची किंमत पुष्कळदा संचाहून अधिक भरते.

दुसरा भेद बांधणी आणि जुळणी यांतील. फोमचे किंवा तयार विमान जुळवले जाते. त्याचे कोन कारखान्यात ठरलेले असतात आणि ग्राहक फक्त स्क्रू आवळतो. काष्ठसंचातील विमान बांधले जाते. त्याचे कोन आराखड्यावर रेखलेले असले तरी लाकडात ते बांधणाऱ्यालाच उत्पन्न करावे लागतात. यावरून प्रस्तुत विवेचनाचा सिद्धान्त निघतो : काष्ठसंचाची बांधणी हे मुख्यतः सुतारकाम नसून काही थोड्या कोनांची निर्मिती आणि रक्षण आहे. गुळगुळीतपणा, रंग, बारकावे हे सर्व गौण.

लघुविमानांच्या शिक्षणात येणारे प्रकार तीन : (१) स्थिर, म्हणजे न उडणारे, केवळ आकृतिसाम्य दाखवणारे आणि म्हणून वरील व्याख्येस अपवाद, (२) दोरनियंत्रित, म्हणजे उड्डाणकर्त्याभोवती दोरांवर वर्तुळात फिरणारे, (३) रेडिओनियंत्रित. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागाच्या शिक्षणक्रमात हे तिन्ही येतात. या विभागाची पहिली पथके १९५० साली मुंबई व कोलकाता येथे उभी राहिली. प्रस्तुत विवेचन ज्या शहराला धरून आहे, त्या रायपुरातही हवाई पथक आहे, आणि तेथील अनेक विद्यार्थ्यांच्या हाती बाल्साची पहिली पट्टी या मार्गानेच आली आहे. तिसरा प्रकार प्रस्तुत विवेचनाचा विषय. अमेरिकेत १९३७ च्या सुमारास गुड बंधूंनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडवले, ते या शाखेच्या आरंभीच्या यशस्वी यंत्रांपैकी एक होय. त्या काळी रिसीव्हरचा भारच इतका असे की विमान मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर १० ग्रॅमच्या आसपास भरतो. रेडिओची अडचण संपली आणि लाकडाची तेवढी उरली.

पुढील गणितासाठी एक प्रमाण-विमान गृहीत धरू. उच्चपंखी, शिकाऊ जातीचे, पंखविस्तार १.५ मीटर, पंखाची रुंदी २६.५ सेंटिमीटर, अतएव क्षेत्रफळ सुमारे ०.४ चौरस मीटर, उड्डाणभार १.८ किलो. पंखभार प्रति चौरस डेसिमीटर ४५ ग्रॅम होतो. नवशिक्यास हा सोसवतो.

कोनविचार

या विमानात चार कोन निर्णायक आहेत. पहिला, पंख आणि आडवी शेपटी यांच्यातील अंतरकोन. विमान नाक वर धरील की खाली, हे यावर ठरते. दुसरा ऊर्ध्वकोन, म्हणजे पंखाचे दोन्ही अर्ध टोकांकडे वर उचललेले असणे. कलंडलेले विमान यामुळे स्वतः सावरते. तिसरा मोटरचा कर्षणकोन, जो बहुधा दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे असतो. चौथा पंखाचा पीळ. पहिले तीन मुद्दाम दिले जातात, एकदा दिले की स्थिर राहतात, आणि चुकले तरी बहुधा सुधारता येतात. पीळ मात्र न देताही उत्पन्न होतो. म्हणून खरे विवेचन त्याचेच करावयास हवे.

पिळाचे पुन्हा दोन भेद आहेत. दोन्ही टोकांची मागची कड सारखीच वर उचललेली असेल तर तो सममित पीळ. तो इष्ट आहे, कारण वेग घटला असता पंखाचा मध्यभाग आधी उद्वहन, म्हणजे विमान उचलून धरणारे बल, सोडतो आणि टोके शेवटपर्यंत काम देतात. दोन्ही अर्धांचा पीळ भिन्न असेल तर तो विषम पीळ. तो सर्वथा अनिष्ट. त्याचे परिमाण पाहा. २६.५ सेंटिमीटर रुंदीच्या पंखाची मागची कड ४.६ मिलिमीटर उचलली गेली की कोन १ अंशाने बदलतो. प्रमाण-विमान सेकंदाला १५ मीटर वेगाने सरळ जात असता त्याचा उद्वहन-गुणांक सुमारे ०.३३ असतो, आणि १ अंशाने तो सुमारे ०.०८ ने बदलतो. म्हणजे एका अर्धाचा कोन सरासरीने एवढाच अधिक असेल, तर ढोबळ हिशोबाने त्या अर्धाच्या उद्वहनात पाव भागाचा फरक पडतो. डोळ्याला जेमतेम दिसणारे साडेचार मिलिमीटर हवेत इतके मोठे होतात. पृष्ठभाग आरशासारखा घासण्यात आठवडे घालवून पंख सपाट फळीवर एकदाही न तपासणारा बांधणारा दुर्मिळ नाही. त्याचे श्रम चुकीच्या जागी पडलेले असतात.

द्रव्यविचार

विषम पीळ कोठून येतो, हे जाणण्यासाठी द्रव्याकडे वळावे लागते. बाल्सा हे दक्षिण व मध्य अमेरिकेतील वृक्षाचे लाकूड असून जगाचा मोठा पुरवठा इक्वेडोरमधून होतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ते कठीण-काष्ठ गणातच मोडते, जरी नखाने त्यावर खाच पडते. त्याची घनता घनमीटरला १०० ते २५० किलो अशी पसरलेली आहे, म्हणजे एकाच संचातील दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचा भार दुपटीहून अधिक भिन्न असू शकतो. आपल्याकडील काटेसावर त्याच कुळातील. छत्तीसगढच्या रानांत ती फाल्गुनात तांबडी फुलते, तिचे लाकूड आगपेटीच्या काड्यांना व खोक्यांना वापरतात. परंतु ते बाल्साच्या दुपटीहून जड असल्यामुळे पंखाला निरुपयोगी. साल आणि सागवान यांचा तर विचारच नको.

बाल्साच्या फळीचे, ती ओंडक्यातून कशी कापली यावरून, दोन टोकाचे प्रकार होतात. वार्षिक वाढीच्या वलयांना स्पर्शरेषेने कापलेली फळी सहज वाकते; ती पंखाच्या गोल पुढच्या कडेवर चढवण्यास योग्य. त्रिज्येच्या दिशेने कापलेली फळी ठिपकेदार, ताठ आणि वाकवताच तडकणारी. ती फासळ्या, म्हणजे रिब, आणि मागची कड यांसाठी योग्य. या दोहोंमध्ये ताठपणाखेरीज आणखी एक भेद आहे. रायपुरात तोच अधिक महत्त्वाचा.

लाकूड हवेतील आर्द्रतेशी सतत समतोल साधत असते. रायपुरात मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर किंवा त्याहून खाली उतरते. तेव्हा लाकडातील जलांश ५ टक्क्यांच्या आसपास राहतो. श्रावणात आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते आणि जलांश १८ टक्क्यांकडे सरकतो. बाल्सा पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत स्पर्शदिशेने सुमारे ७.६ टक्के आणि त्रिज्यादिशेने ३ टक्के आकसतो. तंतूंच्या लांबीत मात्र नगण्य. जलांशातील १३ टक्क्यांच्या फरकाने, त्याच प्रमाणात, ७५ मिलिमीटर रुंदीची स्पर्शच्छेदी फळी २.५ मिलिमीटरने रुंद-अरुंद होते, त्रिज्यच्छेदी फळी १ मिलिमीटरने. ही फळी पंखाच्या एकाच पृष्ठावर चिकटवलेली असेल, तर तिची हालचाल दुसऱ्या पृष्ठावर प्रतिरोध न भेटल्याने वळणात रूपांतरित होते. दोन अर्धांना निरनिराळ्या प्रकारच्या फळ्या लागल्या, की दोन्हींची वळणे निराळी. विषम पिळाचा हा मुख्य उगम होय, आणि आराखड्यावर त्याची एक रेघही नसते. आराखडा काढणारा लाकडाला निर्जल व निश्चल समजतो.

यावरून बांधणीची पहिली क्रिया कापणी किंवा चिकटवणी नसून निवड ठरते. संचातील सर्व पट्ट्या वजनकाट्यावर घालाव्यात. डाव्या व उजव्या पंखाला भाराने, कापाने आणि ताठपणाने जुळणाऱ्या जोड्या लावाव्यात. जड पट्ट्या नाकाकडे, हलक्या शेपटीकडे द्याव्यात. या कामाला एक संध्याकाळ लागते आणि ते करताना विमानासारखे काहीच दिसत नाही, म्हणून ते टाळले जाते.

ऋतुविचार

येथे एक व्यावहारिक विरोध उद्भवतो. रायपुरात उडवण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी : सकाळ शांत, हवा थंड, धानाची कापणी झालेली. पावसाळ्यात उड्डाण बंद, म्हणून लोक बांधायला बसतात ते नेमके पावसाळ्यात, लाकूड सर्वाधिक फुगलेले असताना. अशा सांगाड्यावर तेव्हाच फिल्म ताणून बसवली, तर उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि फिल्मचा ताण दोन्हीकडे सारखा राहत नाही. याचे निराकरण सांगाडा आणि आच्छादन या दोन क्रिया कालाने विभक्त करण्यात आहे. सांगाडा श्रावणात उभा करण्यास हरकत नाही, मात्र पट्ट्या काही दिवस सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवून मग वापराव्यात. आच्छादन कार्तिकात करावे. मधल्या काळात सांगाडा हवेशी समतोल पावतो, आणि पीळ पडणारच असेल तर तो उघड्या सांगाड्यात पडतो, जेथे तो सुधारणे सोपे असते. कार्तिकातील जलांश दोन टोकांच्या मधोमध असल्यामुळे पुढील वर्षभराची हालचाल दोन्ही दिशांना निम्मी होते.

गोंदही ऋतुसापेक्ष आहेत. सायनोअॅक्रिलेट, ज्याला बाजारात फेविक्विक म्हणतात, हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. पावसाळ्यात तो हात हलवू देत नाही, मे महिन्यात रेंगाळतो. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असते. पातळ पट्टीच्या एकाच बाजूस लावल्यास तो तीच बाजू फुगवतो. दोन भागांचा इपॉक्सी उष्णतेने त्वरेने घट्ट होतो; तापमान १० अंशांनी वाढले की कामाचा अवधी स्थूलमानाने निम्मा होतो. पंखाचा मध्यसांधा व मोटरची भिंत इपॉक्सीने, फासळ्या फेविकॉलने, आणि सायनोअॅक्रिलेट केवळ तात्पुरत्या धरणीसाठी, अशी विभागणी सुरक्षित. संपूर्ण विमान फेविक्विकवर उभे करणे शक्य आहे, पण घाईत बसलेला सांधा ज्या कोनात बसला त्याच कोनात राहतो.

क्रमविचार

बांधणीचा पाट निर्दोष सपाट असावा. फ्लश दरवाजाचा तुकडा सरळपट्टीने पारखून घ्यावा. त्यावर आराखडा, आराखड्यावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा दांडा, टाचण्यांनी जखडावा. फासळ्या काटकोन्याने उभ्या कराव्यात, मग वरचा स्पार. दोन स्पारांच्या मध्ये उभ्या तंतूंच्या पातळ पट्ट्या बसवल्या की स्पार बंद पेटीसारखा होतो. पिळाला विरोध करणारे हे पहिले अंग; पुढच्या भागावरील वरखाली दोन्ही पृष्ठांचे आवरण हे दुसरे. दोन्ही पूर्ण होईपर्यंत पंख पाटावरून उचलू नये. सममित पीळ द्यायचा असेल तर याच वेळी टोकाच्या मागच्या कडेखाली ९ मिलिमीटरची पाचर सरकवावी. २ अंश मिळतात. पंख उचलल्यानंतर दिलेला पीळ लाकडाच्या नव्हे, फिल्मच्या भरवशावर उभा असतो.

धड, शेपटी आणि सर्व्होंच्या काड्या यांत विशेष सांगण्याजोगे थोडे. आराखडा पुरेसा आहे.

भारविचार संक्षेपाने असा. गुरुत्वकेंद्र पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांत, म्हणजे पुढच्या कडेपासून ६६ ते ८० मिलिमीटरमध्ये असावे. शेपटी केंद्रापासून ७५ सेंटिमीटर आणि नाक २५ सेंटिमीटर असेल, तर शेपटीतील १० ग्रॅम अनावश्यक गोंदासाठी नाकात ३० ग्रॅम शिसे भरावे लागते. बॅटरी मागेपुढे करून समतोल साधता येतो, पण मर्यादित : १८० ग्रॅमची लिपो बॅटरी १० मिलिमीटर सरकवली असता केंद्र १ मिलिमीटरच हलते.

स्थलविचार

रायपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१७ मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर, ४० अंश तापमानात, हवेची घनता प्रमाण घनतेहून ११ टक्क्यांनी कमी होते. प्रमाण-विमानाचा किमान उड्डाणवेग समुद्रसपाटीवर ताशी २८ किलोमीटर धरल्यास रायपूरच्या उन्हाळ्यात तो ३० च्या जवळ जातो. फरक लहान आहे, परंतु प्रोपेलरचा जोरही त्याच हवेत घटतो, आणि उतरण्याची धाव लांबते. बांधांनी विभागलेल्या धानाच्या शेतात लांबलेली धाव बांधावरच संपते.

दुसरी स्थलविशिष्ट अट कायद्याची. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार कार्यरत विमानतळाच्या परिघापासून ८ किलोमीटरच्या आत उडवण्यास पूर्वानुमती लागते; ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत, अन्य निषेध नसल्यास मोकळीक आहे. माना येथील विमानतळ जुने शहर आणि नवा रायपूर यांच्या मध्ये आहे. नव्या शहरातील रुंद, निर्मनुष्य रस्ते आणि मोकळी मैदाने पाहून कोणालाही तेथे विमान न्यावेसे वाटेल, पण त्यांतील बराच भाग याच निकट वर्तुळात येतो. जागा मैदान पाहून नव्हे, नकाशा पाहून निवडावी.

परीक्षाविचार

पहिल्या उड्डाणात विमान एका बाजूस कलते, असे बहुधा आढळते. कारणे दोन संभवतात : विषम पीळ किंवा एका पंखाचा अधिक भार. त्यांचा विवेक वेगाने होतो. पिळाचा परिणाम आणि एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्टीचा, प्रभाव दोन्ही वेगाच्या वर्गाने वाढतात. म्हणून पिळासाठी लावलेली ट्रिम, म्हणजे एलेरॉनला दिलेला कायमचा लहान कल, सर्व वेगांत सारखीच पुरते. भार मात्र वेगाने बदलत नाही. म्हणून भारासाठी लावलेली ट्रिम मंद वेगात अपुरी आणि तीव्र वेगात अधिक ठरते. दुसऱ्या प्रसंगी हलक्या टोकात काही ग्रॅम शिसे बसवले की काम झाले. पहिल्या प्रसंगी ट्रिमवर भागवू नये, कारण पंखाने उद्वहन सोडण्याच्या क्षणी एलेरॉन आणि पीळ एकमेकांना तोलत नाहीत. पंख काढून पाटावर ठेवावा, उंचावलेल्या कडेचे मिलिमीटर मोजावेत, सहायकाने तो उलट दिशेस इच्छित कोनाहून थोडा अधिक पिळून धरावा, आणि दोन्ही पृष्ठांवरील फिल्म इस्त्रीने पुन्हा ताणावी. थंड होईपर्यंत सोडू नये. मोजलेला आकडा पंखाच्या मुळाशी पेन्सिलने लिहून ठेवावा आणि पुढच्या आश्विनात तोच पंख त्याच पाटावर पुन्हा मोजावा.