झाड सरकारचं, दुकानही सरकारचं

कलबुर्गीच्या किल्ल्यात उभे राहा. साल १३६६च्या आसपासचे आहे. शहराचे नाव अहसनाबाद. समोर जामा मशिदीच्या भिंती चढताहेत, गवंड्यांची हाकाटी चालू आहे आणि तेवढ्यात दवंडी येते: राज्यातल्या दारूच्या भट्ट्या बंद. तुम्ही शेजारच्या माणसाला कारण विचारता. तो दौलताबादकडे बोट दाखवतो. तिथले सूफी शेख झैनुद्दीन यांनी दारू पिणाऱ्या सुलतानाची निष्ठा पत्करायला नकार दिला आहे. सुलतान महंमदशहा बहमनी नमला आणि त्याने बंदी घातली. निदान इतिहासकार फरिश्ता तरी असेच लिहून गेला आहे.

आता साधारण सत्तर-ऐंशी वर्षे पुढे सरका आणि बिदरला या. राजधानी इथे आली आहे. सुलतान अल्लाउद्दीन अहमद याने शहरात रुग्णालय बांधले आहे. त्याच सुलतानाच्या राज्यात गळ्यात लोखंडी साखळी अडकवलेले लोक तुमच्यासमोर गटारे उपसताहेत. हे रिकामटेकडे म्हणून धरलेले. दारूच्या बाबतीत सुलतानाचा हुकूम याहून कठोर आहे: समज देऊनही जो पिईल त्याच्या घशात वितळलेले शिसे ओता, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. हेही फरिश्त्याचेच म्हणणे आहे, आणि तो दीडशे वर्षांनी विजापुरात बसून लिहीत होता, हे ध्यानात असू द्या. अशा हुकमाने किती जण सुधारले ते इतिहास सांगत नाही. दारू मात्र टिकली, कारण पुढे साडेचारशे वर्षांनी इथेच तिचा रीतसर कायदा झाला.

तो पाहायला भालकीकडच्या एका ओढ्याकाठी चला. राज्य आता निजामाचे आहे. साल १३१६ फसली, आपल्या हिशेबाने १९०६-०७. झुंजूमुंजू होते आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांना शिंदीची झाडे आहेत. कमरेला आणि खोडाला मिळून दोराचा फास टाकून एक ईडिगेर, म्हणजे शिंदी काढणारा, वर चढतो. पाठीला मडके, कमरेला कोयता. शेंड्याखाली खोड तासून त्याने आदल्या संध्याकाळी मडके बांधले होते, ते तो सोडवतो. मडक्याच्या तोंडाशी मुंग्या आणि मधमाश्या आहेत. तो हलकेच फुंकर मारतो आणि तुमच्या ओंजळीत थोडा रस ओततो. गार, गोड, किंचित धुरकट. "आत्ताच प्या मालक, ऊन चढलं की चढतंय हे," तो हसून सांगतो.

खाली उतरल्यावर तुम्हाला खोडावर कोरलेला आकडा दिसतो. झाड ज्या शेतात आहे ते शेत पाटलाचे. रस मात्र सरकारचा. पाटलाला मिळतो तो फक्त हक-ए-मालिकाना, म्हणजे मालकाचा वाटा. रस काढायचा आणि विकायचा हक्क लिलावात जातो. तो घेणारा गुत्तेदार, त्याच्या हाताखाली गावोगावचे दुकानदार, आणि सगळ्यांच्या खाली तुमच्या ओंजळीत रस ओतणारा हा माणूस. प्रत्येक झाडाचा कर ठरलेला, दर साली लिलाव ठरलेला. हैदराबाद आबकारी कायदा याच १३१६ फसलीतला आहे, आणि शेतसाऱ्याच्या जोडीने आबकारी हे निजाम सरकारच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होते.

इथे जरा थांबा. इथे जे बदलले ते मला या सगळ्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिसे ओतणाऱ्या सुलतानाची इच्छा निदान माणसाने पिऊ नये अशी होती. लिलावात गुत्ता घेणाऱ्याला भरलेली रक्कम वसूल करायची होती आणि सरकारला पुढच्या साली बोली चढलेली हवी होती. म्हणजे माणसाने प्यायलाच हवे. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटली जाते तिथून जवळच शिंदीचे दुकान असते, हे तुम्हाला त्या संध्याकाळी दिसेल. हाली सिक्क्याचे चार पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. घरी वाट पाहणाऱ्या बाईची या हिशेबात कुठेच नोंद नाही.

म्हणूनच १९४७ च्या पावसाळ्यानंतरच्या एका रात्री तुम्ही त्याच ओढ्यावर परत आलात तर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतील. ७ ऑगस्टपासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला आहे. सोलापूरच्या बाजूला सरहद्दीवर छावण्या आहेत. पोरे रात्री आत येतात, करोडगिरीची नाकी जाळतात, धान्याची लेव्ही देऊ नका म्हणून सांगतात आणि शिंदीची झाडे तोडतात. शिंदीचे खोड तंतुमय, कुऱ्हाड त्यात रुतून बसते, ओढून काढावी लागते. एकजण दबक्या आवाजात म्हणतो, "ह्ये झाड न्हाई बाबा, निजामाची तिजोरी हाय." खरेच होते ते. निजामाच्या उत्पन्नावर खेड्यातल्या माणसाला घाव घालता येईल अशी ती जागा होती, आणि गांधींच्या दारूबंदीचा विचारही त्यात मिसळला होता.

पण ओढ्याच्या पलीकडे अंधारात तो ईडिगेर उभा आहे. त्याचे झाड पडते आहे. स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगताना आपण त्याला विसरतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली तेव्हा त्यालाही आनंदच झाला असेल, पण त्याच्या चुलीचा प्रश्न तिथेच राहिला. आजही कलबुर्गी-बिदर भागातला ईडिगा समाज शिंदी काढायला परवानगी द्या म्हणून मागणी करतो आहे, आणि त्या मागणीची हेटाळणी मला पटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला एका रात्रीत बिदर जिल्हा फाटतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता, तो पुढे मराठवाड्यालाही लागू झाला. म्हैसूरने १९६५ मध्ये आपला वेगळा आबकारी कायदा केला. सोयरीक मात्र जुन्याच गावांत होत राहिली. ज्या वाटेने लेक सासरी जायची त्याच वाटेने सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टीही जायची.

३० जून २००७ च्या संध्याकाळी आळंदच्या बाजारात या. सारायीच्या, म्हणजे देशी दारूच्या, दुकानावर झुंबड आहे. प्लास्टिकच्या पाकिटाचा कोपरा दाताने तोडायचा आणि तिथेच उभ्याने रिचवायचा, हा रिवाज आज संपणार. उद्यापासून राज्यात सारायी बंद. कुमारस्वामी मुख्यमंत्री आहेत, येडियुरप्पा उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्रीही. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पायाखाली रिकामी पाकिटे तुडवत म्हणते, "माय, आता तरी पोरगं घरी भाकरी खाईल."

काही काळाने पुन्हा जा. सारायी नाही, पण स्वस्त व्हिस्कीची ९० मिलीची कागदी पाकिटे आली आहेत. माणूस तोच, फक्त त्याच्या खिशातून जास्त पैसे जातात. आणि आता मधला गुत्तेदारही नाही. २००३ पासून राज्यातली घाऊक विक्री कर्नाटक स्टेट बेव्हरेजेस कॉर्पोरेशनकडे आहे, म्हणजे दुकानात पोहोचणारी बाटली आधी सरकारी गोदामातून येते. किरकोळ विक्रीतही एमएसआयएल या सरकारी कंपनीची दुकाने आहेत. २०२५-२६ साठी कर्नाटकाने आबकारीच्या उत्पन्नाचे उद्दिष्ट ठेवले ४०,००० कोटी रुपयांचे. उद्दिष्ट ठेवायचे म्हणजे तेवढी दारू खपलीच पाहिजे. हे गुत्त्याचेच गणित, फक्त बोली लावणारा आता सरकार स्वतः आहे.

आता आजच्या कमलनगरला गाडीतून उतरा. गावात मराठी ऐकू येते, पाट्या कन्नडमध्ये आहेत. इथला बावीस वर्षांचा पोरगा दुकानातून बाटली घेऊ शकतो, कारण इथे वय एकवीस. हीच बाटली त्याच्या उदगीरच्या, त्याच वयाच्या मामेभावाला महाराष्ट्रात घेता येत नाही. तिथे व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे लागतात आणि कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो.

पण मी तुम्हाला इथवर आणले ते एका वेगळ्या फरकासाठी. उदगीरकडच्या एखाद्या गावातल्या बायकांनी ठरवले तर त्या दुकान बंद पाडू शकतात. एक चतुर्थांश बायकांनी सह्या करून अर्ज द्यायचा, मग मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवाना गेला. २००८ च्या शासन आदेशाने ही पद्धत पक्की केली. निम्म्याची अट अवघड आहे. जी बाई मजुरीला बाहेरगावी गेली तिचे न दिलेले मतही दारूच्या बाजूनेच धरले जाते. ही अट सैल व्हायला हवी. तरीही या सहाशे वर्षांच्या वाटेवर बाईला कुणी विचारलेले मला दिसले ते इथेच.

कमलनगरच्या बाईला तो अधिकार नाही. जानेवारी २०१९ मध्ये कर्नाटकातल्या हजारो गरीब बायका दारूबंदीसाठी चित्रदुर्गहून बेंगळुरूपर्यंत चालत गेल्या. सरसकट बंदीने काय होते ते तुम्ही कलबुर्गीच्या किल्ल्यापासून पाहत आला आहात. मला त्याहून गावाच्या हातात निर्णय देणे जास्त खात्रीचे वाटते. भालकी, औराद, हुलसूर, कमलनगर आणि आळंदच्या ग्रामसभांनी आडव्या बाटलीचा नियम कर्नाटकात आणा, असा ठराव करून बेंगळुरूला पाठवावा. महाराष्ट्राचा आदेश मराठीतच आहे. तो मागवून घ्या आणि येत्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा.