विनानांगरणी शेतीतील प्रासंगिक नांगरट

प्रासंगिक नांगरट म्हणजे एरवी विनानांगरणी (शून्य मशागत) पद्धतीने कसल्या जाणाऱ्या जमिनीत अनेक वर्षांतून एखाद्या वेळी, विशिष्ट अडचण दूर करण्यासाठी केलेली नांगरणी होय. नागपूर व उर्वरित विदर्भातील काळ्या जमिनीत तिचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो.

पार्श्वभूमी

विदर्भात कापूस निघाल्यावर उन्हाळी नांगरट, पावसापूर्वी वखराच्या पाळ्या आणि उभ्या पिकात डवरणी असा मशागतीचा परंपरागत क्रम आहे. नेरळ (जि. रायगड) येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेल्या सगुणा राईस टेक्निकमध्ये (एसआरटी) गादीवाफे कायम ठेवतात व आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. ही पद्धत पुढे कापसासारख्या कोरडवाहू पिकांतही वापरली जाऊ लागली.

गरज

न नांगरलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्ये वरच्या काही सेंटिमीटरांत साठतात. पावसाने ताण दिला की नेमका हाच थर आधी सुकतो आणि अन्नद्रव्ये असूनही मुळांना ती घेता येत नाहीत. हराळी, कुंदा, लव्हाळा ही बहुवार्षिक तणे हटवण्यासाठी तणनाशकांवर भिस्त वाढते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास प्रतिकारक्षम तणे निपजण्याचा धोका असतो. कापसात गुलाबी बोंडअळीचा प्रश्नही आहे. फरदड न घेणे, पऱ्हाट्यांचा नायनाट करणे आणि उन्हाळ्यात खोल नांगरून सुप्तावस्थेतील अळ्या व कोष उन्हात उघडे पाडणे, असा सल्ला दिला जातो. तो विनानांगरणीच्या तत्त्वाशी उघडच विसंगत आहे.

जमिनीवरील परिणाम

नांगरटीमुळे साठलेली अन्नद्रव्ये खोलवर मिसळतात व घट्ट झालेला थर फुटतो. त्याच वेळी मुळांनी व गांडुळांनी केलेल्या उभ्या वाटा मोडतात, मातीच्या कणांना बांधून ठेवणारे बुरशीचे जाळे तुटते, आच्छादन गाडले जाते आणि उघड्या पडलेल्या सेंद्रिय पदार्थाचे विघटन वेगाने होते. परदेशांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत झालेल्या अनेक प्रयोगांत अशा एका नांगरटीचा उत्पन्नावर वा एकूण कर्बावर मोठा, टिकाऊ दुष्परिणाम सहसा दिसला नाही. मात्र नांगरट वारंवार झाली तर ती प्रासंगिक राहत नाही, आणि हा निष्कर्ष तिला लागू होत नाही.

काळी जमीन

नागपूर परिसरातील खोल काळ्या जमिनीत फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात तिला रुंद, खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत घसरते आणि पावसात भेगा मिटतात. त्यामुळे ही जमीन काही अंशी स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हटले जाते. तांबड्या वा हलक्या जमिनीवरील अनुभव म्हणूनच येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो या दोन्ही संस्थांची मुख्यालये नागपुरात आहेत.

वेळ

ओल्या काळ्या जमिनीत नांगर घातल्यास माती चोपली जाते व नांगराच्या तळाशी कठीण थर तयार होतो. अगदी कोरडीत मोठी ढेकळे निघतात. ओलावा वाफशाच्या जवळ असताना, पिकाच्या काढणीनंतर नांगरल्यास दोन्ही टळतात, आणि निघालेली ढेकळे उन्हाने व वळवाच्या पावसाने फुटतात. नागपूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडत असल्याने, मृगापूर्वी जमीन पुन्हा झाकली न गेल्यास उताराच्या शेतातील वरची माती पहिल्याच जोरदार सरींत वाहून जाऊ शकते. अशा शेतात सर्वत्र नांगर न घालता तणाने व्यापलेले पट्टेच नांगरण्याचा पर्याय उपलब्ध असतो.