दोन वेळची भाकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन विषय डोक्यात होते, पण यंदा येळवशीला गावी जाऊन आलो आणि ते सगळे मागे पडले.

येळवशी म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडवांची पूजा, आणि मग जेवण. भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीचा आंबट भात, आंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते संचारबंदी लागल्यासारखे रिकामे असतात. नोकरीमुळं मी पंचवीस वर्षं नांदेडला आहे, पण येळवशी चुकवत नाही.

तर यंदा पंगत बसली आणि दादानं खिशातून साखर बघायचं ते छोटं मशीन काढलं. बोटाला टोचलं, आकडा बघितला आणि कुणाला न दाखवता मशीन परत खिशात टाकलं. खिरीची वाटी माझ्याकडं सरकवली. माय बघत होती. म्हणाली, "खा की रे थोडी. वर्साचा सण हाय." दादा नुसताच हसला.

दादाला मधुमेह निघाला २०११ साली, अडतिसाव्या वर्षी. गावात कुणाचा विश्वास बसेना. शुगर म्हणजे गादीवर बसणाऱ्या लठ्ठ माणसाचा आजार, असंच सगळे धरून चालायचे. आमचा दादा शेतात राबणारा, साठ किलोच्या आतला. हातापायाच्या काड्या, फक्त पोट जरा पुढं आलेलं. त्यालाच इतकी लाज वाटली की वर्षभर घरात सांगितलं नाही. पुढं पायाच्या अंगठ्याला साधा खडा लागला आणि ती जखम तीन महिने भरेना, तेव्हा वहिनीनं त्याला धरून दवाखान्यात नेलं. अंगठा वाचला. पण "ह्याला कसा झाला?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचा माग काढत गेलो तो थेट दादाच्या जन्माच्याही मागं जाऊन पोचलो.

दादा १९७३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर जन्मला. म्हणजे मायच्या पोटात होता तेव्हा बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आधीची दोन वर्षंही बेताचीच गेली होती, त्यात १९७२ चा पाऊस गेला. सरकारनं रस्त्याची, पाझर तलावाची, खडी फोडायची कामं काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यातली एक माय. पोट घेऊन ती खडी फोडत होती. कामावर गोडसर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकर थापताना तुटायची आणि नरड्याखाली उतरायची नाही, असं ती अजून सांगते. दादा जन्मला तेव्हा वजन कुणी केलं नव्हतं. "मुठीएवढा होता," एवढीच नोंद आमच्याकडं आहे.

त्याआधी तरी लोक काय खात होते? ज्वारी. भाकर, नाहीतर कण्या, नाहीतर आंबील. सोबत तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा, वर करडईचं तेल. गहू सणाला, भात पाहुण्याला. एक गंमत सांगतो. ज्वारीत आणि गव्हात पिष्टमय पदार्थ जवळपास सारखेच असतात, शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास. त्यामुळं "भाकर खाल्ली की शुगर होत नाही" हे काही मला पटत नाही. फरक बाकीच्या गोष्टींत होता. भाकर दोनदाच मिळायची, एकदा रानात जाताना आणि एकदा दिवस बुडाल्यावर. आणि त्या दोन जेवणांच्या मधे दिवसभराचं अंगमोडीचं काम असायचं. आपल्या भाषेत खाऊन-पिऊन बऱ्या घराचं माप "दोन वेळची भाकर" हेच होतं. तीन वेळची असं कुणी म्हणत नव्हतं.

साखर मात्र लांबची गोष्ट. तशी ती आमच्या उशालाच तयार होत होती. निजामाच्या राज्यात १९३७ साली बोधनला मोठा साखर कारखाना उभा राहिला. नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की बोधन. पण आमच्या घरात गूळ होता. साखर यायची रेशनवर, मोजून, आणि ती डब्यात तळाशी ठेवायची पाहुण्यांसाठी. घरच्यांना गुळाचा चहा, पाहुण्याला साखरेचा. चुकून पाहुण्याला गुळाचा गेला तर आजीला दोन दिवस चैन पडत नसे. साखर चवीपेक्षा इज्जतीसाठी जास्त लागायची, असं मला आता वाटतं.

मग दिवस पालटले. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं होतंच, दुष्काळानंतर गावोगावी "हायब्रीड" पेरलं जाऊ लागलं. पावसात सापडलं तर काळं पडायचं, पण पोतं भरायचं. १९८० च्या दशकात लातूरला विलासराव देशमुखांच्या पुढाकारानं मांजरा कारखाना उभा राहिला आणि पाणी असेल तिथं ऊस दिसायला लागला. नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी त्यानं गिळली. इकडं रेशनवर गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून तर तो फुकट आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्यांनी मिलो गिळलाय त्यांनी तर मुळीच ठेवू नयेत. पण झालं असं की गरिबाच्या ताटातली भाकर महाग झाली आणि पाहुण्याचा भात रोजचा झाला. त्यातच बैलगाडीच्या जागी मोटारसायकल आली, मोटेच्या जागी वीजपंप. आणि चहा! दादाचा हिशेब मी एकदा मांडला होता. सकाळी घरी दोन, पारावर एक, बाजार समितीत दोन, कुणाच्या घरी गेलं की एक. प्रत्येकात दोन चमचे साखर. नको म्हटलं तर समोरच्याचा अपमान. म्हणजे आजीच्या डब्याच्या तळाशी असलेली ती इज्जत आता दिवसातून सहा वेळा दादाच्या रक्तात चालली होती.

पण नुसत्या साखरेनं कोडं सुटत नव्हतं. तेवढाच चहा पिणारे ठणठणीत म्हातारे आमच्या गावात आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचलं तेव्हा जरा उजेड पडला. त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला दोघंही सडपातळ. आपली चरबी अशी लपून बसते, पोटात आणि यकृताभोवती. तिथं ती साठली की इन्सुलिनचं काम अडायला लागतं, मग माणूस साठ किलोचा का असेना.

ही लपलेली चरबी येते कुठून? याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्मतः सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत बारीक, पण स्नायू फार कमी आणि चरबी त्या मानानं राखलेली. पोटात असतानाच अन्न कमी पडलं तर शरीर टंचाईच्या हिशेबानं घडतं, आणि पुढं सुबत्ता आली की तोच हिशेब अंगावर येतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांमध्येही मोठेपणी रक्तातली साखर नीट आवरत नसल्याचं पुढं दिसून आलं. बहात्तरच्या दुष्काळातलं दादाचं "मुठीएवढा" माझ्या डोळ्यांसमोर आलं. एकट्या दादाबद्दल छातीठोक काही सांगता येत नाही हे खरं. पण चित्र जुळत होतं.

आणि इथं मी चूक केली. मोठ्या उत्साहानं हे सगळं मायला समजावून सांगितलं. ती लसूण सोलत होती. ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी माज्यामुळं झालं की."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. संशोधन वाचताना त्यात आई हा एक आकडा असतो. समोर बसलेली आई वेगळी असते.

लातूरचा विषय निघाला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव आलं नाही असं होत नाही. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार २००४ साली अपघातात गेले, पण त्यांची व्याख्यानं लोक ऐकत राहिले. जिचकारांचा मुद्दा असा की प्रत्येक खाण्याला इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा. दीक्षितांनी तो आधी स्वतःवर करून बघितला आणि मग गावोगाव सांगितला. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. २०१८ च्या सुमारास तर घराघरात "दीक्षित की दिवेकर" अशा दोन पार्ट्या पडल्या होत्या. आमच्या नात्यातल्या एका लग्नात ह्यावरून व्याही-व्याही भांडता भांडता राहिले!

वाद घालणाऱ्यांसाठी दोन गोष्टी नोंदवतो. प्रागमध्ये चोपन्न मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २०१४ साली आला. तेवढेच उष्मांक सहा वेळांऐवजी दोनच जेवणांत घेतले तेव्हा वजन जास्त उतरलं. आणि २०१७ साली ब्रिटनमध्ये दिसलं की जेवणाची पद्धत बदलून वजन उतरवलेल्या गटातले ४६ टक्के लोक वर्षभरानं गोळ्यांशिवाय मधुमेहातून बाहेर होते. तिथं दोन वेळा जेवणं नव्हतं, उष्मांक फार कमी केले होते. म्हणजे वाट कुठलीही असो, यकृतावरची ती लपलेली चरबी उतरणं महत्त्वाचं. एक कळकळीची सूचना मात्र आहे. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणं कमी केली तर साखर धोकादायक उतरू शकते. दादानं आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळ्यांचं प्रमाण बदललं, मगच त्यानं सुरू केलं. त्याच्या गोळ्या सुटल्या नाहीत, पण निम्म्या झाल्या. पोट आत गेलं. पारावरचा चहा बंद झाला आणि त्यावर रुसणारेही आता रुसत नाहीत.

हे दोन जेवणांचं मायला कळलं तेव्हा ती खूप दिवसांनी मनापासून हसली. "ह्ये सांगाय डाक्टर लागतो व्हय? आम्ही दोनदाच खात हुताव. त्येबी मिळालं तर."

तिचं ते "मिळालं तर" मला पुरेसं उत्तर वाटलं. दोनदा खाणं तेव्हा तिच्या हातात नव्हतं, आज दादाच्या हातात आहे. मधल्या पन्नास वर्षांत पाऊस गेला, सरकारी खडी आली, मिलो आला, हायब्रीड, ऊस, रेशनचा गहू, मोटारसायकल, चहा. ह्यातलं मायनं काय निवडलं होतं? तिनं निवडलं ते एकच. पोटातलं पोर घेऊन खडी फोडायला जायचं आणि मिळेल ते खाऊन त्याला जगवायचं. ते जगलं. त्याला शुगर व्हायला अडतीस वर्षं मिळाली. हे मी तिला सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही. लसूण सोलत राहिली.

यंदा येळवशीला दादाची लेकही आली होती. तिला सहावा महिना आहे. याज्ञिकांच्या अभ्यासात पुढं असंही निघालं होतं की गरोदरपणी आईच्या अंगात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर लेकरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसतात. बी-१२ मिळतं दूध-दही, अंडी, मटण यांतून. हे मी ह्यावेळी शहाण्यासारखं कुणालाच सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. पंगतीत वहिनी दादाला वाढायला निघाली, तर मायनं तिचा हात धरला.

"आधी लेकीला वाढ. दही दे, भज्जी दे. बापे मागनं खात्याल."

आम्ही बापे मागनं खाल्लं. खिरीची वाटी तेवढी माझ्याकडं आली होती, ती मी अर्धीच खाल्ली. माझी पन्नाशी लांब नाही, आणि पोट पुढं यायला लागलंय.

तुमच्या घरी कुणी बहात्तर-त्र्याहत्तरचं असेल तर त्यांच्या आईला एकदा विचारा, तेव्हा काय खाल्लं होतं म्हणून. फक्त विचारा. समजावून सांगायला जाऊ नका.