मिटत्या चाकूचे वय

जुन्या वस्तूला नीट प्रश्न विचारता आले, तर ती आपले वय सांगते. तिच्याविषयी घरात चालत आलेली कथा मात्र नेहमीच तेवढी प्रामाणिक असते असे नव्हे.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरनजीक, आनेकल हे जुने गाव आहे. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांचे ठाणे तेथे पडले. मराठी भाषा या मुलखात रुजली ती तेव्हापासून. अशा भागातील एखाद्या मराठी घराच्या संदुकीतून हस्तिदंती मुठीचा मिटता चाकू निघाला, की तो शहाजीराजांच्या वेळचा ठरतो. फार तर १७९१ च्या टिपूवरील मोहिमेत हरिपंत फडक्यांच्या किंवा परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर आलेला, असे म्हटले जाते.

परीक्षकाने प्रथम मूठ पाहू नये. पाते उघडून त्याच्या मुळाशी काय कोरले आहे ते पाहावे. इंग्लंडातील शेफील्ड येथील कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला आणि प्रत्येक कारागिराची खूण त्याच्या नावे नोंदली जाऊ लागली. तेथील जोसेफ रॉजर्स या प्रख्यात पेढीची खूण म्हणजे तारा आणि माल्टाचा क्रूस. चौथ्या जॉर्जच्या कारकिर्दीत या पेढीला राजाश्रय मिळाला. त्यानंतर पात्यावर राज्यकर्त्याची आद्याक्षरे दिसू लागली. ‘व्ही. आर.’ ही अक्षरे असतील, तर तो चाकू व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ यांच्या दरम्यानचा.

‘जी. आर.’ असेल तेथे मात्र सावध राहावे. ती अक्षरे १८३० पूर्वीच्या जॉर्जची असतील, तशीच १९१० नंतरच्या जॉर्जचीही असतील. अशा वेळी धातू मदतीला येतो. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये सिद्ध केले. तेव्हा पाते त्याचे असल्यास पहिली शक्यता आपोआप बाद होते. देशाचे नाव कोरण्याची चाल १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर बळावली. परंतु तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता. म्हणून हिंदुस्थानात आलेल्या चाकूवर ‘इंग्लंड’ नाही, एवढ्यावरून तो त्यापूर्वीचा ठरत नाही. शिवाय नामांकित पेढ्यांच्या खुणांची नक्कलही होत असे.

चाकूच्या आकारातूनही थोडे कळते. लहान, अणकुचीदार पाते लेखणी तासण्यासाठी असे. युरोपात पिसाच्या लेखणीची जागा लोखंडी टाकाने घेतली, तरी आपल्याकडे बोरू पुष्कळ दिवस टिकला. त्यामुळे असा चाकू येथील कारकुनाच्या हाती अधिक काळ राहणे स्वाभाविक होते.

आता ‘व्ही. आर.’ या दोन अक्षरांनी शहाजीराजांची कथा मोडली, म्हणून घराने खंत का करावी? १८०९ मध्ये बंगळूरला इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्याभोवती विलायती मालाचा बाजार वाढला. त्या बाजाराच्या छायेत एखाद्या पूर्वजाने कचेरीत लेखणी झिजवून संसार उभा केला असेल, तर तोही इतिहासच होय. तलवारीच्या कथेत हरवलेला तो कारकून चाकूच्या पात्यामुळे पुन्हा दिसू लागतो. परंपरेचा मान खोटे वय सांगून वाढत नाही. खरे वय कळले, म्हणजे वस्तू आणि घर या दोघांनाही आपापली जागा मिळते.