हापशाचा वायसर कुठे असतो?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा इतिहास सांगायला बसलं की लोक नळदुर्गच्या पाणीमहालापासून सुरुवात करतात. मला मात्र एका वायसरचा इतिहास सांगायचा आहे. तळहातावर मावणारा, चामड्याचा, वाटीच्या आकाराचा. तो झिजला की अख्ख्या वस्तीचं पाणी बंद व्हायचं. बदलायला तो सोपा होता. अडचण एवढीच होती की तो जमिनीखाली शंभर फुटांवर बसलेला असायचा.

पंप मुळात इतका खाली का जातो? शाळेत शिकलेलं थोडं आठवा. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाणी जास्तीत जास्त 10.3 मीटर चढवू शकतो. टॉरिचेलीने 1640च्या दशकात यामागचं कारण दाखवून दिलं. धाराशिव शहर बालाघाटाच्या डोंगररांगेवर, 600 मीटरहून उंचावर आहे. इथे हवा थोडी विरळ, म्हणून ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. व्यवहारात सहा-सात मीटरच धरा. पाणी त्याहून खोल असेल तर पंपालाच पाण्याजवळ जावं लागतं. यावर पैसा, हुशारी, ओळख, काहीही चालत नाही.

मोटेचे बैल गेले आणि विहिरींवर इंजिनं आली, तेव्हा शेतकऱ्यांना हा नियम अंगमेहनतीतून कळला. इंजिन विहिरीच्या काठावर ठेवून भागत नसे. मग विहिरीच्या आत, कातळात कोनाडा खोदून किंवा तुळया टाकून त्यावर ते बसवायचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिन खाली उतरवायचं, पावसाळ्यात पाणी चढायच्या आत दोर लावून वर ओढायचं. एका रात्रीच्या पावसात इंजिन बुडाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. पाइपाच्या टोकाला झडप असते, फूट व्हॉल्व्ह. आपल्याकडे त्याचा ‘फुटबॉल’ झाला. त्यात कचरा अडकला की कुणीतरी पाण्यात बुडी मारायची. धोका होता, पण निदान माणूस तिथवर पोहोचू शकत होता.

1972चा दुष्काळ आला आणि विहिरी तळाला गेल्या. बेसाल्टच्या कातळात खोल भोक पाडणारी यंत्रं त्याआधीपासून येऊ लागली होती, युनिसेफची मदतही त्यात होती. आता ती गावोगाव फिरू लागली. बोअर म्हणजे जेमतेम सहा इंचांचं भोक. विहिरीत माणूस उतरतो, बोअरमध्ये हातही कोपराच्या पुढे जात नाही. आणि त्या भोकाच्या तळाशी आपण पंप ठेवला.

सुरुवातीचे हापसे बिडाचे होते. ते परदेशातल्या घरगुती पंपांच्या नकला होत्या, दिवसातून चार-दोन बादल्या काढण्यासाठी बनवलेल्या. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वाडी त्यावर हापसणार. दांडे तुटायचे, खिळी झिजायच्या. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती अशी होती की देशभरातले बहुसंख्य हापसे कुठल्याही दिवशी बंदच सापडत.

उत्तर आलं ते आपल्या शेजारून. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने बोअरवरच्या पंपासाठी बिडाऐवजी पोलादाचं मजबूत डोकं बनवलं. तो ‘जालना पंप’. मग सोलापुरात, धाराशिवपासून सत्तर किलोमीटरच्या आत, सोलापूर वेल सर्व्हिसने त्यात सुधारणा केली. दांड्याला बेअरिंग दिलं आणि खालच्या सळईला जोडायला साखळी लावली. साखळीमुळे सळई सरळ रेषेत वरखाली होऊ लागली, झीज कमी झाली. या ‘सोलापूर पंपा’चा पाया धरून भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. ठरलेल्या मापांप्रमाणे कुणीही बनवावा, अशी मोकळीक ठेवली. पुढे हाच हापसा आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला ‘यू टू’ म्हणतात. सोलापूरची साखळी तिथे आजही खडखडते, हे आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं.

पण मार्क टूने प्रश्न सोडवला तो मुख्यतः जमिनीच्या वरचा. खाली काय होतं पाहा. तळाशी पितळी अस्तराचं सिलिंडर, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचे वायसर. सिलिंडर आतून अडीच इंचांचं, पण त्याच्यावरचा पाइप सव्वा इंचाचा. म्हणजे दट्ट्या पाइपातून वर येऊच शकत नाही. वायसर बदलायचा तर तीन-तीन मीटरचे पाइप एकेक करून सगळे उपसायचे. तीस मीटर खोलीला पाइप आणि सळया मिळून वजन शंभर किलोंच्या पुढे, शिवाय आत भरलेलं पाणी. त्यासाठी घोडा, पकडी, शिकलेली चार-पाच माणसं आणि गाडी लागते. हे सगळं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. गावाने अर्ज करायचा आणि वाट बघायची.

वाट कोण बघायचं, हे वेगळं सांगायला नको. हापसा बंद पडला की घागर बाईच्या किंवा पोरीच्या डोक्यावर जायची. दट्ट्या पाइपात बसत नाही, या एका मापाची किंमत ज्यांनी पायांनी मोजली, त्यांची नोंद कुठल्याही दुरुस्ती वहीत नाही.

1980च्या दशकात युनोच्या विकास कार्यक्रमाने आणि जागतिक बँकेने जगभरात हातपंपांच्या चाचण्या घेतल्या. भारतात त्या कोइमतूर भागात झाल्या. त्यातून ‘मार्क थ्री’ आला. कल्पना ऐकून वाटेल, एवढंच? पाइप सिलिंडरएवढाच रुंद करायचा, अडीच इंचांचा. मग पाइप जागेवर राहतो. वरचं झाकण उघडायचं, सळया ओढायच्या, दट्ट्या वर येतो. तळाची झडपही त्याच सळईला अडकवून काढता येते. चामड्याऐवजी रबराचे वायसर आले. उचलायचं वजन एका फटक्यात पाव हिस्सा झालं. दोन-तीन माणसं, चार पाने आणि गावातलंच कुणीतरी शिकलेलं, एवढ्यात काम भागू लागलं. शिकलेलं म्हणजे बाईसुद्धा. देशात काही ठिकाणी बायकांनी हापसा दुरुस्तीचं काम हातात घेतलं आणि चांगलं चालवलं.

याला किंमत होती. रुंद पाइपाचं वजन जवळजवळ दुप्पट, खर्च जास्त. तीस मीटरच्या पुढे तो बसवणंच अवघड. आणि आमच्याकडे पाणी तर वर्षागणिक खाली चाललेलं. मार्क टू आधीच लाखोंनी उभे होते, त्यांचे सुटे भाग होते, पथकं होती. म्हणून मार्क थ्री सरसकट आला नाही. सोय कुणाची बघायची, पथकाची की गावाची, हा प्रश्न तिथे अर्धवट राहिला.

आज बऱ्याच बोअरमध्ये पाणबुडी मोटर आहे. काही ठिकाणी एकाच बोअरमध्ये हापसा आणि मोटर दोन्ही असलेले दुहेरी पंप आहेत, वर सौर पॅनल. बटण दाबलं की टाकी भरते आणि घरात नळाला पाणी येतं. मला यात वाईट काही दिसत नाही. डोक्यावरची घागर उतरली, हे मोठं काम आहे. पण मोटर पुन्हा भोकाच्या तळाशीच बसली आहे, आता पूर्वीपेक्षा कितीतरी खोल. ती जळली की पाइप, केबल, सगळं उपसावं लागतं, आणि माणूस पुन्हा बाहेरूनच येतो.

तुमच्यापैकी काही जण उद्या ग्रामसभेत बसतील, काही इंजिनिअर होतील, काही योजनांचे आराखडे लिहितील. नवं यंत्र गावात आलं की ते मिनिटाला किती लिटर पाणी देतं, हे कंपनीचा माणूस न विचारताच सांगेल. तुम्ही त्याला दुसरं विचारा. याचा सगळ्यात आधी झिजणारा भाग कोणता? तो कुठे बसवलाय? आणि तो बदलायला गावातलं कोण पुरेसं आहे?