गाडीच्या विम्याचे दोन भाव

गाडीचा विमा संपत आला की तीन-चार कंपन्यांची कोटेशनं मागवावीत आणि शेजारी शेजारी ठेवून नीट वाचावीत. गाडी तीच, मालक तोच, तरी एकूण रकमेत चांगलीच तफावत दिसते. एक आकडा मात्र सगळीकडे सारखा असतो. हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीसाठी 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात तो वर्षाला 3,416 रुपये होता. हा थर्ड पार्टीचा हप्ता. त्यात कुठलीही कंपनी कमी-जास्त करत नाही. सूट, बोनस, ऑफर हे सगळं चालतं ते दुसऱ्या रकान्यात, ‘ओन डॅमेज’मध्ये. एकाच पॉलिसीत दोन भाव नांदतात, कारण ही दोन वेगळी कुळं आहेत.

थर्ड पार्टीचं कूळ थोरलं. मोटारी वाढल्या तशी धडक बसून जायबंदी होणारी माणसंही वाढली. कोर्टात भरपाईचा निकाल लागला तरी गाडीवाल्याकडे पैसेच नसले तर निकालाचा कागद घेऊन बसायची वेळ यायची. म्हणून ब्रिटनने 1930 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने हा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे ती तरतूद 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आली, पण सक्ती प्रत्यक्षात लागू झाली ती 1 जुलै 1946 पासून. पुढे 1956 च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमायची सोय झाली. आजच्या 1988 च्या कायद्यातही या विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

या विम्यात मृत्यूच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. गेलेल्या माणसाचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून न्यायाधिकरण रक्कम ठरवतं. इतकी मोठी जोखीम आणि वर कायद्याची सक्ती, त्यामुळे हा भाव बाजारावर सोडला गेला नाही. तो सरकारी अधिसूचनेने ठरतो.

धाकटं कूळ आपल्याच गाडीच्या नुकसानीचं. आज त्यात उघड स्पर्धा आहे, पण पूर्वी तिथेही भाव बांधलेला होता. विमा कायद्याच्या 1968 च्या दुरुस्तीने टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीला कायद्याचं बळ मिळालं आणि तिचे दर सगळ्यांना बंधनकारक झाले. 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचा सगळा धंदा सरकारी झाला आणि चार कंपन्या उरल्या. त्यांतली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ही सर दोराबजी टाटांनी 1919 मध्ये मुंबईत काढलेली. चौघींचं दरपत्रक एकच होतं. इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी आणि नोंदणी कुठली, यावर टक्का ठरायचा. 2002 च्या दरपत्रकात मुंबई आणि पुणे ‘अ’ विभागात होते, तर नागपूर, नाशिक, कोल्हापूर ‘ब’ विभागात. म्हणून त्याच गाडीला पुण्यात थोडा जास्त दर लागे, नाशिकला थोडा कमी. पण कंपनी बदलून भाव बदलायचा नाही. चार ठिकाणी चौकशी करण्यात अर्थच नव्हता.

तो अर्थ आला टप्प्याटप्प्याने. मल्होत्रा समितीने 1994 मध्ये विमा व्यवसाय खुला करण्याची शिफारस केली. 1999 मध्ये नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला, 2000 पासून खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि 1 जानेवारी 2007 ला ओन डॅमेजचे बांधलेले दर सुटले. आज आपण भावांची तुलना करतो, तो हक्क त्या दिवसाचा आहे. 1 सप्टेंबर 2019 पासून तर नुसता ओन डॅमेजचा विमाही वेगळा घेता येऊ लागला. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्या काळात ओन डॅमेजसाठी दरवर्षी वेगळी कंपनी निवडायची मुभा आहे.

जुन्या बांधीव दरपत्रकाची एक चांगली गोष्ट मात्र टिकली, ती म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम केला नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. हा बोनस मिळतो फक्त ओन डॅमेजवर. समजा, तो हप्ता 10,000 आहे आणि बोनस 50 टक्के. म्हणजे भरायचे 5,000. अशा वेळी बंपरच्या चार हजारांच्या कामासाठी क्लेम केला तर पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येतो आणि त्या एका वर्षातच पाच हजार जादा जातात. शिवाय बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो सोबत येतो. मात्र पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर तो जातो.

तुलना करताना खालच्या एकूण रकमेआधी आयडीव्ही पाहावा, म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. ती उतरवली की हप्ता आपोआप कमी दिसतो. पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला तर हातात पडतो तो आयडीव्हीच. साडेचार लाखांचा आयडीव्ही साडेतीन लाखांवर आणून हजार रुपये वाचवले, तर लाखाची जोखीम आपणच डोक्यावर घेतलेली असते. नुकसानीतला आपण सोसायचा वाटा वाढवला तरी हप्ता उतरतो. झीरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापता भरपाई देणारी जोड, आहे की नाही, तेही पाहायला हवं. हे तिन्ही सारखे ठेवून भाव विचारले तरच तुलना खरी.

गाडी जुनी होते, आयडीव्ही घटतो आणि तरीही हप्ता वाढून येतो, तेव्हा आलेला आकडा मुकाट्याने भरू नये. कंपनीने गेल्या वर्षीची सूट काढून घेतलेली असू शकते. ती मागावी, नाही मिळाली तर दुसरीकडे जावं. थर्ड पार्टीच्या बाबतीत मात्र एक दिवसही चालढकल करू नये. ओन डॅमेजमध्ये हयगय झाली तर नुकसान आपलं होतं. थर्ड पार्टी चुकवली तर आपल्या चुकीने ज्याच्या घरातला कमावता माणूस गेला, त्या घराला आपल्या ऐपतीवर अवलंबून राहावं लागतं. त्याच घरासाठी हा कायदा झाला आहे.