उटण्याचा लेखी पुरावा

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांच्या लेखांची नुसती सूची चाळली तरी गंमत वाटते. जिलबीचा इतिहास, मेंदीचा इतिहास, तंबाखूचा, शोभेच्या दारूचा. राजे आणि लढाया सोडून हा गृहस्थ घरात काय काय आहे याचीच चौकशी करत राहिला. याच चौकशीत १९४०च्या दशकात त्यांनी गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ उजेडात आणला. त्याच्याच जोडीला 'गंधवाद' नावाचा एक निनावी ग्रंथ होता, आणि या गंधवादावर चक्क मराठी टीका होती. हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले.

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण लीळाचरित्रावरून बखरींवर येतो आणि तिथून मिशनऱ्यांच्या छापखान्यात शिरतो. वाटण्याघाटण्याच्या, भिजवण्या-धुपवण्याच्या कृती समजावून सांगणारे मराठी गद्य या वाटेवर कुठे भेटत नाही. ते वाङ्मय नव्हे, असे कोणी म्हणेल. बखर तरी वाङ्मय म्हणून कुठे लिहिली होती?

अर्थात गंधशास्त्राचे हे ग्रंथ स्वयंपाकघरासाठी लिहिलेले नाहीत. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा सहा संस्कारांची भाषा बोलणारे ते शास्त्र आहे. त्यातला वाचक श्रीमंत आणि रसिक आहे. मात्र ज्या शब्दाने आपण दिवाळीच्या पहाटे अंगाला लावायची पूड ओळखतो, तो याच परंपरेतून आला. उटणे म्हणजे उद्वर्तन. हिंदीतले उबटन हे त्याचेच भावंड. उद्-वृत्, म्हणजे वरच्या दिशेने फिरवणे, चोळणे. मुळात हे नाव पदार्थाचे नव्हे, क्रियेचे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा क्रम अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान असा लागतो, आणि उद्वर्तनाने कफ हटतो, मेद विरघळतो, अंग घट्ट होते व त्वचा प्रसन्न होते असे फळ सांगितले आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला, तेव्हा स्नान हा राजाच्या उपभोगांपैकी एक म्हणून सविस्तर वर्णिला गेला. तेल लावणारे, अंग मळणारे, सुगंधी चूर्ण चोळणारे हात त्या वर्णनात आहेत; पण ते हातच आहेत, माणसे नव्हेत.

त्या हातांकडे वळून पाहणारी एक जागा महाभारतात आहे. विराटपर्वात द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या सेवेत राहते. कीचकाने भर सभेत लाथाडल्यानंतर ती रात्री भीमाकडे जाते, आणि भीम त्या वेळी राजवाड्याचा आचारी आहे, म्हणजे ही भेट मुदपाकखान्यातच होते. अपमानांची मोठी यादी सांगून झाल्यावर ती शेवटी चंदनावर येते. राजासाठी चंदन उगाळण्याचे काम तिच्याकडे आहे, दुसऱ्या कोणी उगाळलेले त्याला आवडत नाही, आणि उटी नीट उतरली की नाही या धास्तीने ती राजापुढे उभी राहते. कुंतीलाही जी कधी भ्याली नाही ती. मग ती आपले तळहात पुढे करते. घट्टे पडलेले, सुजलेले. भीम ते हात आपल्या तोंडावर ओढून घेतो आणि रडतो. कीचकवधाची कथा सांगताना हा प्रसंग बहुधा गाळला जातो, कारण कथेला त्याची गरज नाही. माझ्या मते प्रसाधनाच्या आपल्या साऱ्या इतिहासात याहून मोठा पुरावा नाही: सुगंध कुणाच्या अंगाला आणि घट्टे कुणाच्या हाताला, हे इथे एकाच श्वासात सांगितले आहे. भागवतातली कुब्जाही कंसासाठी अंगराग करणारी दासीच. पण तिच्या वाट्याला कृष्णाचा अनुग्रह आला, हातांची चौकशी आली नाही.

लीळाचरित्रात 'मर्दनामादनें' हा शब्द वारंवार येतो. अंग मळणे आणि न्हाणे. इथे राजा नाही, भक्तांच्या घरची साधी व्यवस्था आहे, आणि म्हणून तो शब्द मला मानसोल्लासातल्या स्नानभोगापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

स्वयंपाकघरातले उटणे मात्र फारसे लिहिले गेले नाही. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, हळद, साय. दिवाळीला त्यात नागरमोथा, वाळा, आंबेहळद, बावची, संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची पूड. या मिश्रणात विचार होता. तेल आधी, पीठ नंतर: पीठ तेल शोषून घेते, सोबत मळ उचलते, आणि सायीमुळे कातडी कोरडी पडत नाही. साबण घरोघर येईपर्यंत हेच साबणाचे काम करत होते. साबण आला तोही एकदम स्वीकारला गेला नाही, कारण विलायती साबणात जनावराची चरबी असे. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला तो याच अडचणीवर उत्तर म्हणून, आणि स्वदेशीच्या वाऱ्यावर तो चालला. १९४१मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तोवर सौंदर्याचा पत्ता न्हाणीघरातून पडद्यावर गेला होता. उटणे सणापुरते उरले.

मग १९९५ साली अमेरिकेत हळदीचे पेटंट दिले गेले. ते जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराबद्दल होते, कांतीबद्दल नव्हे. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. ही हकिगत आपण विजयकथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातली एक कायदेशीर बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात आहे, एवढ्याने ती 'आधी माहीत असलेली' ठरत नसे. ती कुठेतरी छापलेली असावी लागे. देशभरच्या आयांनी पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांवर दाबलेली हळद हा पुरावा नव्हता. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख हा पुरावा होता. परदेशातला वापर ग्राह्य धरण्याची दुरुस्ती तिथे २०१३मध्ये लागू झाली.

घरगुती म्हणजे निर्मळ, असे मात्र मला म्हणायचे नाही. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग पडतात. उटण्यातल्या बावचीतही उन्हाशी वैर असलेले तेच द्रव्य आहे. त्याहून जुना डाग दुसरा आहे. चरकाने चंदन, मंजिष्ठा, वाळा आदी दहा द्रव्यांचा 'वर्ण्य' म्हणून गण सांगितला. वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर. पांढरे करणारे, असा त्याचा शब्दार्थ नाही. पण दाखवण्याच्या कार्यक्रमाआधी आठ दिवस पोरीच्या चेहऱ्यावर साय-हळद थापणाऱ्या घराला हा फरक ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असून परवडणारा नव्हता. १९७५मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ला ही जमीन आयती मिळाली. २०२० साली त्या मलमाचे नाव बदलले. त्याच १९७५ मध्ये पेंढारकरांच्या विकोने हळदीचे मलम आणले, आणि ते औषध की प्रसाधन या करविषयक वादात कंपनी व सरकार कित्येक वर्षे कोर्टात होते. वाग्भटाला हा प्रश्नच कळला नसता.

आमच्या आजीला उटण्याचे प्रमाण विचारले की ती म्हणे, "मूठभर." आईने ते एका वहीत उतरवले, शेजारी कंसात वाट्या लिहिल्या. आजी गेल्यावर त्या वाट्यांनी केलेले उटणे अंगाला चिकटले, निघेना. आईची मूठ मोठी होती.